जो चहा ओतेल तो अध्यक्ष

इंग्लंडात, हॉरिचमधल्या आमच्या गल्लीत स्वतःच्याच स्वयंपाकघरात टाय लावून बसणारा क्लिफर्ड हॅस्लम हा एकटाच. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्याच्या कंपनीच्या संचालकांची बैठक असे. संचालक म्हणजे तो आणि त्याची बायको डोरीन, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. कंपनीचे नोकरही हेच दोघं. रेल्वेच्या सिग्नलचे नकाशे तपासायचं क्लिफर्डचं काम. सहा महिने इथे, वर्षभर तिथे, अशी कंत्राटं. बिलं डोरीन करायची.

मीही त्याच धंद्यातली. पुण्याहून इथे येऊन वीसेक वर्षं झाली, आणि मला माझी कंपनी काढून दिली ती क्लिफर्डनेच. पहिल्याच दिवशी त्याने दम भरला, "पोरी, खात्यातले पैसे तुझे नाहीत, कंपनीचे आहेत. हवे असले तर कंपनीकडे मागायचे." मागायचे कुणाकडे, तर माझ्याकडेच. मला हसू आवरेना; तो जराही हसला नाही. पगार ठरलेला आणि थोडका घ्यायचा, नफा उरला तरच त्यातला वाटा घ्यायचा, तोही बैठकीत ठराव करून. टॅक्सचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तिकडे ढुंकून बघायचं नाही.

त्याच्या बैठकीत मतं समसमान पडली, तर अध्यक्षाला एक जादा मत. अध्यक्ष कोण, याचा नियम त्यानेच केला होता: जो चहा ओतेल तो. ऐकायला लोकशाही वाटे, पण डोरीनला किटलीला हात लावू देईल तर शपथ. ती चहा फिका करते म्हणे. त्यामुळे कंपनी निघाल्यापासून अध्यक्ष क्लिफर्डच.

एका वर्षी पानगळीच्या सुमारास त्याचं कंत्राट संपलं. दोन कंत्राटांच्या मधला भाकडकाळ आम्हाला नवा नाही. त्यासाठीच तर पैसे कंपनीत ठेवायचे, आणि काम नसलं तरी त्यातून महिन्याचा पगार काढायचा. पण हा हिवाळा सरला तरी फोन आला नाही. कामं देणारी पोरंसोरं आता तरण्यांना बोलवत होती. क्लिफर्ड मात्र रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसायचा.

मग वसंतात बोल्सचं मैदान उघडलं. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायच्या या खेळावर क्लिफर्डचा जीव. आणि एका दुपारी बघते तर हा पठ्ठ्या हातात पिशवी घेऊन कुंपणाबाहेर उभा, आत त्याचेच मित्र खेळताहेत. विचारलं तर म्हणाला, खांदा दुखतो. शुक्रवारी बेकरीतून बटाटा-मटण भरलेली पेस्ट्री, इथली ती 'पाय', आणणंही त्याने सोडलं होतं. ते म्हणे डॉक्टरने बंद केलं. हा खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी ते चांगलेच लाल झाले होते. क्लबात चौकशी केली, तर साहेबांनी यंदाची वर्गणीच भरली नव्हती.

मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. सरळ डोरीनला जाऊन सांगितलं. तिचा पगार महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात येत होता, म्हणजे त्याचाही येत असणार असं ती धरून चालली होती. दर बैठकीत तो "पगार नेहमीप्रमाणे" म्हणायचा, ती मान्य म्हणायची. नोकराचा पगार थांबवायचा नाही, हे त्याचं तत्त्व. फक्त त्या नोकरांत त्याने स्वतःला धरलं नव्हतं. बँकेचे कागद काढले तेव्हा कळलं, की आपला पगार तो काढतच नव्हता, म्हणजे कंपनी तेवढी जास्त दिवस तगेल.

पुढच्या शुक्रवारी डोरीनने मला बोलावून घेतलं आणि कोपऱ्यात गप्प बसायला सांगितलं. क्लिफर्ड टाय नीट करत खाली आला, तेव्हा टेबलावर तिन्ही कप भरलेले होते.

"चहा मी ओतलाय," डोरीन म्हणाली. "बस."

तो किटलीकडे बघत खाली बसला. तिने ठराव मांडला, की क्लिफर्डचा तुंबलेला सगळा पगार आजच्या आज द्यावा. त्याने विरोध केला. एकास एक झालं. मग अध्यक्षांनी आपलं जादा मत दिलं.

"अगं, असं केलंस तर उन्हाळ्यात कंपनी बुडेल," तो हळूच म्हणाला.

"बुडू दे. कंपनी दुसरी काढता येते. तू कुंपणाबाहेर उभा राहून लोकांचा खेळ बघतोस, हे मला शेजारणीकडून कळावं?"

त्याने ठरावांची वही पुढे ओढली. पण नियमाचा माणूस तो, सुटायची शेवटची फट शोधलीच. पगार कामाचा असतो, म्हणाला, आणि पानगळीपासून आपण काडीचं काम केलेलं नाही. मग हे पैसे कशाचे म्हणून लिहायचे?

"लिही," डोरीन म्हणाली. "रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसला. एक दिवस खाडा केला नाही."

त्याने पेन उचललं, पण लिहिता येईना. डोरीनने त्याच्या हातावर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.

शेवटी त्याने टायची गाठ सैल केली, कप तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.

"फिका झालाय, अध्यक्षबाई," तो म्हणाला, आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला.