सांबराच्या शिंगांचा रंग

कॉलेजातल्या सांबराच्या शिंगांचा रंग घालवला तो मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं परिचर आहे. बरण्या पुसणं, सूक्ष्मदर्शकं मांडणं आणि पोरांवर ओरडणं ही माझी कामं, त्यातलं शेवटचं मला चांगलं जमतं. भिंतींना रंग द्यायचा होता तेव्हा शिंगं बसवलेली ती फळी मी गच्चीवर नेऊन टाकीला टेकवून ठेवली आणि साफ विसरले. दोन उन्हाळे गेले. सांगलीचं ऊन काय असतं ते सांगायला नको. खाली आणली तेव्हा शिंगं खडूसारखी पांढरीफटक पडली होती.

नव्या विभागप्रमुख मॅडमनी ती बघितली आणि म्हणाल्या, "हे तर प्लॅस्टिकचं वाटतंय. वनखात्याला पत्र देते, घेऊन जातील." शिंगांची खात्यात नोंद होती, फळीमागं शिक्काही होता. पण परत गेलेली शिंगं शेवटी जाळून टाकतात, असं मी ऐकलं होतं. आणि दुसरी जोडी आणायची कुठून? ती विकत मिळत नाही, आणि मिळाली तर घेणारा आत जातो. इतक्या पोरांनी हात लावून बघितलेली वस्तू माझ्यापायी जळणार होती. "मॅडम, पंधरा दिवस थांबा. मी रंग परत आणते," असं बोलून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला वाटलं, आपण तर शिंगांच्याच घरातल्या. माझे वडील, आण्णा, आटपाडीकडं असतात. आमची मेंढरं होती, खिलार बैल होते. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी शिंगं तासून घ्यायला लोक बैल घेऊन आमच्या दारात येत. आण्णा काचेच्या तुकड्यानं वरचा खरबरीत थर काढायचे, खालचा तजेला उघडा पडायचा, मग तेलाचा हात. त्यांच्या हातून शिंग बिघडलं, असं पंचक्रोशीत कुणी म्हटलेलं नाही. हे बघत मी वाढले, म्हणजे मला येतंच, असा माझा समज. एका शनिवारी दुपारी काच घेतली आणि डावं शिंग बुडापासून तासायला लागले. तजेला कसला नि काय! पांढरी भुकटी पडायला लागली, दातांच्या दवाखान्यात येतो तसला वास सुटला. शिंगावरचे बारीक दाण्यादाण्यांचे उंचवटे वीतभर सपाट झाले. ते आता कुणाच्या बापाला परत आणता येणार नव्हते. मी रडले, खोटं कशाला बोलू. तिथूनच आण्णांना फोन लावला.

"आता हात लावू नगंस," एवढंच ते म्हणाले. "येतो मी."

सोमवारी विट्यात एसटी बदलून ते आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्टुलावर बसला, फळी मांडीवर घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाले, "शिंग न्हवं गं ह्ये. हाड हाय. बैलाचं शिंग नखावाणी असतंय, वरनं तासलं तर खाली ताजं निघतंय. हाडाला कोण तासतंय व्हय?"

दारात मॅडम उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार. आता आपली धडगत नाही, असं मी धरून चालले. पण त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि आण्णांसमोर बसल्या. नुसत्या अंगठ्यानं ओळखलं याचं त्यांना फार नवल वाटलं होतं. त्यांनी सांगितलं, की हे हाड वाढताना वर मखमलीसारखी कातडी असते. ती गळते तेव्हा आतलं हाड पांढरंच असतं. मग सांबर ते झाडांवर घासत सुटतं. सालीचा चीक, चिखल, थोडं स्वतःचं रक्त असं मुरत जातं आणि तो तपकिरी रंग चढतो.

"म्हंजे रंग झाडाचा?" आण्णांनी विचारलं.

"बराचसा झाडाचाच. आणि हे सगळं दर वर्षी गळून पडतं, काही महिन्यांत पुन्हा येतं."

"एवढं?" त्यांनी हात लांब करून शिंगाची लांबी धरली. मग बारीक आवाजात म्हणाले, "माझा मोडल्याला हात सहा महिनं जुळंना."

मॅडमनीच कपाटातून पोटॅशियम परमँगनेट काढून दिलं. लहानपणी विहिरीत टाकायचे तेच जांभळं औषध. कोमट पाण्यात विरघळवून मी ब्रशनं लावलं आणि शिंग गडद जांभळं झालं. मी पुसायला फडकं उचललं. "थांबा," मॅडम म्हणाल्या. आम्ही तिघं बघत राहिलो. कुणी काही करत नव्हतं, आणि जांभळा रंग आपोआप विझत चालला. आधी लालसर झाला, मग मातकट, मग थेट सालीसारखा तपकिरी. दाण्यांच्या खाचांत दाट, वर उजळ. बावीस वर्षं त्या औषधाची बाटली मी पुसली होती आणि ती हे करते हे मला ठाऊक नव्हतं. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तीन दिवस हात देत होतो. आण्णांनी टोकं ओल्या फडक्यानं पुसायला लावली. रोज घासतंय म्हणजे टोकं झिजून उजळ पडणारच, असं त्यांचं म्हणणं, आणि मॅडमनी मान डोलावली. शेवटी जवसाचं तेल. शिंगं जिवंत दिसायला लागली. फक्त डाव्या बुडाची ती वीत गिलावा केल्यासारखी गुळगुळीत राहिली.

दुसऱ्याच दिवशी वनखात्याचे साहेब नोंद तपासायला आले. शिक्का बघितला, नंबर जुळवला, दोन्ही शिंगं निरखून खूश झाले. मग त्यांचं बोट त्या वितीवर थांबलं. "हे कुणी केलं? आमच्या परवानगीशिवाय या वस्तूला हत्यार लावायचं नसतं. असं होणार असेल तर मी ही आत्ता घेऊन जातो."

मी तोंड उघडलं. त्याआधी आण्णा स्टुलावरनं उठले.

"मी तासलं सायेब. बैलाचं समजलो."

"काय करता तुम्ही?"

"जल्मभर बैलांची शिंगं तासली."

"आणि एवढं कळलं नाही तुम्हाला?"

"न्हाई कळलं."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. साहेबांनी आण्णांना पोराला बोलावं तसं चार शब्द सुनावले. आण्णा मान खाली घालून ऐकत होते. मग साहेब वयाकडं बघून सोडतो म्हणाले, कागदावर शेरा मारला आणि शिंगं कॉलेजात राहिली. चौघांशी भांडणारी मी, नुसती फळी पुसत राहिले.

स्टँडवर मी म्हटलं, "आण्णा, कशाला घेतलंत अंगावर?"

"तुला हितं रोज यायचंय," ते म्हणाले. "मला हितं कोण वळखतंय?"

गाडी लागली. त्यांना हाताला धरून पायरीवर चढवलं. आत जाऊन बसले, खिडकीची काच सरकवली आणि हळूच म्हणाले, "गावात मातूर बोलू नगंस."