माझ्या पाठीचा साचा

आमच्या ह्यांनी घरच्या अंगणात मोटार बांधली होती असं सांगितलं की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. लढाईनंतर मिलिटरीच्या भंगारात निघालेल्या जीपचा सांगाडा, मोडीत निघालेल्या दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणि मिळेल तिथला पत्रा, अशी ती गाडी लोहाऱ्याच्या आमच्या अंगणात निंबाखाली हळूहळू उभी राहत होती. हे यवतमाळला जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सुट्टीचा दिवस आला की गाडीखाली शिरायचे, आणि जेवायला हाक मारली तर नुसते पाय हलवायचे. मी तिला सवत म्हणायचे. तोंडानं मी पहिल्यापासून फटकळ, माहेरी एकुलती एक, त्यामुळे सासरी माझं आणि आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, फारसं सूत नव्हतं. त्या बोलायच्या कमी, आणि बोलल्या की समोरच्याला पुढे बोलायला काही उरायचं नाही.

माहेर माझं मारेगावच्या अलीकडे. लग्नानंतर दुसऱ्या दिवाळीला तिकडून परत येताना बैल बुजले, बंडी नाल्यात उलटली आणि माझी कंबर गेली. हाडं जुळली म्हणायची, पण पूर्वीसारखी नाही. मला चालता येई, उभ्यानं स्वयंपाक करता येई, आडवं पडता येई. बसलं आणि खालून धक्का लागला की मात्र कमरेतून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्याच सुमाराला अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि मला काही लोहाऱ्याची वेस ओलांडता येत नव्हती.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस चुलतभाऊ निरोप घेऊन आला. बाबांना लकवा मारला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं जड झालं होतं, दिवसभर खाटेवर उताणे पडून असायचे. माय त्यांना सोडून येऊ शकत नव्हती. भाऊ म्हणाला, अजून माणसं ओळखतात, पण काकांचं लक्ष आता विझत चाललंय, यायचं तर लवकर ये. मला बाबांनी ओळखावं एवढंच तेव्हा माझं मागणं होतं. मी त्याच आठवड्यात हट्टानं एसटीत बसले. यवतमाळ सुटून थोडं पुढे गेलो नसू, तोच मी ओरडायला लागले. कंडक्टरनं गाडी थांबवली. मी रस्त्याकडेच्या पळसाखाली आडवी पडून राहिले, आणि हे छत्री धरून माझ्या डोक्याशी उभे राहिले. परत आलो ते एका कापसाच्या बंडीत, गासड्यांच्या मधोमध, पायी चालण्याच्या वेगानं.

त्यानंतर मी जी रडत बसले ती बसलेच. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तुही माय वाट पाहून राह्यली असन. रडून रस्ता कटते का? याची मोटार काय पोरखेळ हाय?" आणि ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं की ही गाडी नेमकी कधी चालणार. ह्यांनी पहिल्यांदाच घाबरून नक्की मुदत सांगितली.

आता टोपल्यांबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका कागदाच्या टोपल्या करायच्या. रद्दी कागद पाण्यात भिजत घालायचे, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटायचे, आणि तो लगदा पालथ्या घातलेल्या गुंडावर, म्हणजे पाण्याच्या हंड्यावर, किंवा घमेल्यावर थापायचा. वाळला की भांडं काढून घ्यायचं, खाली टोपली उरते. मेथीमुळे चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. आत्याबाईंच्या टोपल्यांत दहा-दहा वर्षं डाळ राहायची. गाडीच्या आतल्या बाजूला पत्रा पुरेना, तेव्हा ह्यांनी आईकडूनच लगद्याचा डॅशबोर्ड करून घेतला होता, घड्याळांना गोल खिडक्या ठेवून. दारांची आतली बाजूही तशीच. मध्ये जुन्या धोतराचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले, वरून जवसाचं तेल पाजलेलं. वाळल्यावर ते असं टणक झालं होतं की नखानं वाजवलं तर लाकडासारखं वाजायचं. पुढे पुष्कळ वर्षांनी लोहाऱ्यालाच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फायबरच्या वस्तू करताना पाहिल्या. साचा, त्यावर कापडासारखे थर, त्यावर चिकट रस. मी तिथल्या पोरांना म्हटलं, हे आमच्या आत्याबाई मेथ्या घालून करायच्या. ती पोरंही हसली.

तर ठरलं असं की माझ्यासाठी बैठकही लगद्याचीच करायची, पण माझ्या पाठीच्या मापाची, म्हणजे धक्का एका जागी न बसता सगळ्या पाठीवर वाटला जाईल. ह्यांनी फळ्यांचा एक तिरपा खोका ठोकला. पोयट्याची माती चाळून, सरकीच्या फोलात कालवून, त्यात लोण्यासारखी भरली. पुरुषमाणसांना घराबाहेर काढलं आणि आत्याबाईंनी मला जुन्या लुगड्यात त्या मातीत बसवलं. माती गार होती. त्यांनी माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून मला आत दाबलं, आणि कंबर दुखते तिथे बोटानं माती काढून जागा केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या अंगाला असा हात लावला नव्हता. मी म्हटलं, माती थंड आहे. त्या म्हणाल्या, माती थंडच असते.

मी उठले तर माझा ठसा खाली राहिला होता. त्यातच आम्ही राख शिंपडली, लगदा थापला, धोतराचे थर दिले. वाळलं, तेल पाजलं, खोक्यातून काढलं. देखणं झालं होतं. मी मोठ्या आशेनं बसायला गेले, तर बसताच येईना. कुशीत दाबलं, कमरेला नेमकं दुखऱ्या जागी रुतलं. माझा तोल गेला. मी ह्यांना म्हटलं, "मले काय टोपल्यात कोंबून नेता का माहेरी?" आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

आत्याबाई त्या बैठकीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग स्वतःशीच हसायला लागल्या. जन्मभर त्यांनी लगदा भांड्याच्या बाहेरून थापला होता. टोपलीची जाडी नेहमी बाहेरच्या बाजूला जाते, आतली पोकळी भांड्याएवढीच राहते, त्यामुळे जाडीचा हिशेब करायची वेळच कधी आली नव्हती. इथे आम्ही ठशाच्या आतून थापलं आणि जाडी सगळी माझ्या वाट्याला आली. टोपल्या करणाऱ्या दोघी बाया आणि एक फिटर, तिघांच्याही डोक्यात हे आलं नाही. मला पालथं घालता येत नव्हतं, हीच काय ती अडचण होती.

मग मलाच पालथं घातलं. म्हणजे पुन्हा मातीत बसवलं, ठसा घेतला, त्यात राख शिंपडून मातीच भरली, आणि खोका उलटा करून काढून घेतला. अंगणात मधोमध माझी पाठ उभी राहिली. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत, जशी आहे तशी. शेजारच्या बायका बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून परत गेल्या.

संध्याकाळी मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेतातून आले. घरात शिरण्याआधी फाटकात खाकरायची त्यांची रीत होती, म्हणजे मी पदर घेऊन आत सरकायचं. त्या दिवशी ते खाकरले, मी आत सरकले, आणि ती अंगणातली मी तशीच उभी राहिली. मामाजींनी एकदा पाहिलं, मान वळवली आणि आल्या पावली मारुतीच्या पारावर जाऊन बसले. आत्याबाईंनी लगबगीनं स्वतःचं एक लुगडं त्या मातीवर टाकलं, डोक्यावरून पदर घ्यावा तसा. मी आत लाजेनं अर्धमेली झाले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

पण यात एक पेच होता. त्या मातीवर आम्ही लगदा थापला, पण लुगड्याखाली तो वाळेना. उघडा ठेवावा तर मामाजींची ये-जा अंगणातूनच. दोन दिवसांत आतून कुबट वास यायला लागला, आणि आत्याबाईंनी तो थर खरवडून काढला. पुन्हा कागद भिजवले. मला वाटलं, झालं, आता कसलं माहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पुढच्या दारानं गेलेच नाहीत. मागच्या गोठ्यातून, शेणातून पाय काढत, शेजाऱ्यांच्या कुडाला वळसा घालून शेताकडे गेले. संध्याकाळी तसेच आले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच. लगदा पुरता वाळेपर्यंत तो म्हातारा माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा मागून येत-जात राहिला. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, इकडून विहीर जवळ पडते. माझ्याशी तो विषय त्यांनी कधीच काढला नाही, सासरे-सुनांचं तेव्हा बोलणंच कुठे होतं? लोकांना आपल्या वडिलांचं ऋण आठवतं. मला त्याच्या जोडीला गोठ्यातून जाणारे मामाजी आठवतात, आणि अजून भरून येतं.

वाळलेली बैठक उचलली, आतून माती फोडून काढली, तेल पाजलं. ह्यांनी ती सागवानी चौकटीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, म्हणजे चौकट हादरली तरी बैठक झुलावी. मी बसले. कुठेच दाबलं नाही. पाठीमागून कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवलंय असं वाटलं. हे घाबरून बघत होते, पुन्हा बिघडलं की काय. मी म्हटलं, चला.

त्या दिवसाचा रस्ता मला तुकड्या-तुकड्यानं आठवतो. गाडी आवाज फार करायची. चढावर हे दोनदा उतरून पाणी घालत होते. खड्डा आला की ह्यांचा चेहरा माझ्याकडे वळायचा, आणि मी म्हणायचे, समोर बघा. कळ आली नाही असं नाही. आली, पण सोसण्याजोगी होती. केळापूरकडचा फाटा मागे पडला, कापसाच्या पराट्या सुरू झाल्या, आणि मी गाडीतच रडायला लागले.

मायनं मला उतरताना धरलं आणि आधी घरात नेलं. बाबा खाटेवर उताणे होते. मी त्यांच्या तोंडावर वाकले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि डावा हात उचलून माझ्या गालाला लावला. ओळखलं. मी तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि त्यांचा हात धरून पडून राहिले. दोघंही छताचे बांबू बघत होतो. तेव्हा मला कळलं की हा माणूस महिनोन् महिने फक्त हेच बघतोय. माय त्यांना उठवून बसवायची, पण ते एका बाजूला कलंडायचे, मग ती तरी किती वेळ धरणार?

मी ह्यांना म्हटलं, गाडीतली बैठक काढा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बैठक गेली तर मी परत कशी येणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. त्यांनी पाना घेतला आणि काढली. ओसरीत भिंतीला टेकून ठेवली, आणि ह्यांनी आणि मायनं मिळून बाबांना त्यात बसवलं. माझा बांधा त्यांचाच. पाठ अशी बसली की जणू त्यांच्यासाठीच घडवली होती. कलंडले नाहीत. मायनं हात काढून घेतले, तरी बसून राहिले.

समोर आमचं शेत होतं. बाबांचे ओठ हलले, आणि बऱ्याच प्रयत्नानं शब्द बाहेर आले. "पराटी दिसून राह्यली."

मी माहेरीच थांबले. हे एकटेच परत गेले, शेजारी रिकामी सागवानी चौकट घेऊन. पुढे त्यांनी मला सांगितलं, गाडी अंगणात शिरली तेव्हा आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी चौकटीकडे पाहिलं. ह्यांनीच चाचरत सगळं सांगितलं. इतक्या खपानं केलेली वस्तू अशी देऊन टाकली म्हणून आई रागावणार, या तयारीनं ते उभे होते.

त्या एवढंच म्हणाल्या, "बाप बसला नं तिचा? मंग झालं." आणि आत जाऊन त्यांनी पुन्हा कागद भिजत घातले.