न आलेले नारळ

शिवांजली बिराजदारला लहानपणापासून एका गोष्टीचा गर्व होता, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. तिच्या आजोबांकडं काविळीचं औषध होतं. रविवार उजाडला की जळकोटच्या हमरस्त्यावरून आत त्यांच्या दारापर्यंत माणसं यायची. कुणी मोटारसायकलवर मधे धरून बसवलेलं, कुणी टमटममध्ये आडवं, डोळे पिवळेजर्द. ज्ञानोबा म्हणजे आबा एका झुडपाच्या काड्यांची माळ आजाऱ्याच्या डोक्यावर घालायचे. काड्या वाळत जातील तशी माळ सैल व्हायची, डोक्यावरून गळ्यात उतरायची, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरायची. माळा ओवायचं काम शिवांजलीचं.

पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. बऱ्या झालेल्या माणसानं एक नारळ आणायचा, तो मारुतीपुढं फोडायचा आणि करवंटी ओसरीवरच्या तारेला टांगायची. तार करवंट्यांनी भरून गेली होती. औषधाचा नियम मात्र कडक: अनशा पोटी यायचं. चहा पिऊन आलेल्याला आबा उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे, मग तो सरपंच असो नाहीतर घरचा सोयरा.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि शिवांजलीनं धाराशिवच्या एका उन्हाळी वर्गात नाव घातलं. विषय जैवसांख्यिकी. घरात कुणाला तो शब्द धड उच्चारता येईना, म्हणून तिनं सोपं करून सांगितलं.

"आजाऱ्यांचं गणित असतंय, आबा. औषध लागू पडतंय का न्हाय, ते मोजून बघायचं."

"मग आपलं बी मोजून ये," आबा म्हणाले. त्यांना भीती कसली? वर तारेकडं बघून ते हसले.

वर्ग घ्यायच्या झरीन मॅडम. बाई फटकळ, पण उगाच कुणाला टोचून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला आपल्या गावाकडचा एक प्रश्न आणायला सांगितला. शिवांजली ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या आबांच्या औषधानं काविळीचे सगळे आजारी बरे होतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"नारळ घेऊन येतात ते."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपोआपच उतरते," त्या म्हणाल्या. "मग माळेनं उतरली हे कशावरून ठरवायचं? आणि जे नारळ घेऊन आले नाहीत, ते कुठं आहेत?"

शिवांजलीला अस्सा राग आला की दुपारचा डबा तिनं उघडलाच नाही. पंख्याखाली बसून आमच्या आबांना खोटं ठरवता काय? तिनं तोच प्रश्न प्रकल्पाला घेतला. नारळ न आणलेली माणसं गावोगाव शोधायची, तीही धडधाकट आहेत हे लिहून आणायचं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचं.

मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन तिनं भावाची स्कूटी हाणली. ओळखीतून ओळख काढत ती वाड्यावस्त्यांवर फिरली. आधी भेटला पीठगिरणीवाला पंचाक्षरी. चहा पिऊन आला म्हणून आबांनी त्याला परत पाठवलेलं तिला चांगलं आठवत होतं. गडी ज्वारीचं पोतं एकटा उचलत होता.

"मग औषध कुठं घेतलं?"

"कुठलं औषध? तुमच्या आबानं हाकललं, म्या महिनाभर घरात पडून राहिलो. झालो की बरा."

हे काही तिला हवं होतं ते उत्तर नव्हतं. पण पुढच्या गावात असाच परत पाठवलेला एकजण भेटला, तोही ठणठणीत. माळ घातलेले बरे, माळ न घातलेलेही बरे. मग माळेनं केलं काय? शिवांजलीनं तो विचार झटकला आणि स्कूटी बोरी नदीपलीकडच्या वस्तीकडं वळवली. तिथं सोमलिंग राहत होता. तो बायकोला घेऊन आला होता आणि नंतर कधी फिरकला नव्हता.

सोमलिंग म्हशीपुढं कडबा टाकत होता. तिचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं.

"माळ घातली व्हती," तो म्हणाला. "सातवा महिना व्हता तिला. आमी रोज बघायचो, माळ कुठवर आली म्हणून. गळ्यात उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बरळाय लागली. दवाखान्यात न्हेस्तवर संपलं सगळं." त्यानं हात झटकले. "नारळ कशाला आणू, पोरी?"

ती माळ आपणच ओवलेली, हे शिवांजलीला तिथंच उमगलं. स्कूटीपाशी येऊन ती ढसाढसा रडली. मग तिनं झरीन मॅडमना फोन लावला. पोटुशी बाईची कावीळ जिवावर बेतू शकते, घटकाभरही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, असं मॅडमनी सांगितलं. प्रकल्पाचं काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही.

घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं. आबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला.

"एका बाईवरनं माझी सारी हयात मोजतीस व्हय?"

"एकीवरनं न्हाय, आबा. आपण कधी मोजलंच न्हाय. जे आले तेवढेच आपल्याला दिसले."

आबा तिच्याशी बोलेनासे झाले. पोरगी चार बुकं शिकली आणि घरावरच उलटली, असं गावात झालं. शिवांजलीनं ते एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं, आणि माळा ओवायचं बंद केलं.

पुढच्या रविवारी शेजारच्या आळीतला गोरोबा लेकीला घेऊन आला. राजेश्वरी, शिवांजलीची शाळेतली मैत्रीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. डोळे पिवळे, ओठ सुकलेले. नियम पाळायचा म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता तिनं.

शिवांजली दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"हिला माळ न्हाय. हिला सोलापूर."

"बाजूला सर," आबा म्हणाले.

"न्हाय सरत."

ओसरीवरची माणसं कुजबुजायला लागली. आबा स्वतः ओवलेली माळ घेऊन पुढं आले. "म्या आजवर कुणाचं वाईट केलंय का, एवढं सांग."

"न्हाय केलं. माळ काय इख न्हाय, आबा. पण ती घालून माणसं घरी बसतात, माळ कुठवर उतरली ते बघत. त्या बघण्यातच सोमलिंगची बायको गेली. तुमाला मला ढकलून जायचं असंल तर जावा, पण म्या हातानं वाट देणार न्हाय."

आबांनी तिला ढकललं नाही. पण माळही खाली ठेवली नाही. शेवटी शिवांजलीनंच राजेश्वरीला दंडाला धरलं, पाणी पाजलं, टमटममध्ये बसवलं आणि गोरोबाला म्हणाली, "काका, चला. भांडायचं तर वाटेत भांडू."

राजेश्वरी वाचली. दिवस भरायच्या आत मुलगी झाली, तीही जगली. महिन्यानंतर गोरोबा नारळ घेऊन आला आणि चारचौघांत तो शिवांजलीच्या हातात दिला. "माझी लेक हिनं वाचवली. आता हिची करवंटी लावा वर."

"नको, काका," शिवांजली म्हणाली. "एका नारळानं माझं बी खरं ठरत न्हाय. दवाखान्यात जाऊन न वाचलेल्या बी असतील. त्या कुठं आल्यात नारळ घेऊन?"

आबा उठले. त्या रविवारनंतर ते नातीशी पहिल्यांदाच बोलले.

"त्या सोमलिंगचं घर कुठं म्हणलीस?"

"नदीपलीकडं."

आबांनी तिच्या हातातला नारळ घेतला आणि पायांत वहाणा सरकवल्या. गोरोबानं त्यांना अडवलं. "आबा, तुमी गेलात तर सगळं कबूल केल्यागत व्हईल. गाव काय म्हणंल?"

"म्हणू दे," आबा म्हणाले, आणि स्कूटीवर नातीच्या मागं बसले.