सोजरबाईंचा अंगठा

सोजरबाईंना मी वीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली गेली पाच वर्षं त्यांच्या नजरेला नजर देत नाही. त्यांना हे कळलेलं नाही. त्यांना वाटतं, हेडमास्तर झाल्यापासून गुरुजींच्या मागे कामं फार.

बाई मूळच्या सांगोल्याकडच्या, धनगराच्या. नवरा तापाने गेला, मेंढरं दिराने हाकून नेली, आणि बाई चार वर्षांच्या बिरप्पाला कडेवर घेऊन सोलापूरला भावाकडे आल्या. भाऊ गिरणीत होता. त्याने बहिणीला सुताच्या लडी करायच्या खात्यात चिकटवून दिलं. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटामुळे बाईंना ओरडून बोलायची जी सवय लागली ती कायमची. देवळात गेल्या तरी देवाला जे सांगायचं ते बाहेर चपला राखणाऱ्यालाही ऐकू जायचं. अक्षर एक येत नव्हतं, पण तिथी-वार सगळे पाठ. चाळीत कुणाची पोर कधी झाली, कुणाचा सासरा कुठल्या एकादशीला गेला, हे लोक घरच्यांना न विचारता सोजरबाईंना विचारायचे. बाई लगेच सांगायच्या, आणि ते बरोबर निघायचं.

आता माझं सांगतो. मी विरुपाक्ष, प्राथमिक शाळेतला मास्तर. माझं अक्षर चांगलं आहे, आणि हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. पटाच्या रजिस्टरात मी कधी खाडाखोड केली नाही. तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा त्यावर ‘नमुनेदार’ असा शेरा लिहिला होता. तो शेरा मी इतक्या लोकांना दाखवला की शेवटी त्या पानाचा कोपरा दुमडला.

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरायचा म्हणजे एक सोंगच असायचं. सहा वर्षं पुरी झालेलं पोर घ्यायचं असा नियम. आईबापांना पोराची जन्मतारीख विचारली की ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. मग मास्तरच पोराकडे वरून खाली बघणार, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहणार आणि सहा वर्षं मागे मोजून ‘एक जून’ लिहिणार. त्या वर्षी माझ्या वर्गात बेचाळीस पोरं होती आणि त्यातल्या एकतीस जणांचा जन्म एक जूनचा होता. माझ्या स्वतःच्या दाखल्यावरसुद्धा एक जूनच आहे. आम्हा मास्तर लोकांना यात काही वावगं वाटत नसे.

पण सोजरबाईंनी तारीख सांगितली होती. मुद्दा आहे तो एवढाच. एकोणीसशे एकोणसाठच्या जूनमध्ये त्या बिरप्पाला घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, “वय काय पोराचं?”

“येत्या दिवाळीच्या पाडव्याला पाच पुरी हुत्याल,” त्या म्हणाल्या. “मेंढ्यांची शिंगं रंगवत हुतो आमी, तवाच माझ्या पोटात कळ आली. ध्यानात हाय की चांगलं.”

“मग पुढच्या वर्षी आणा.”

“आन तवर कुटं ठिवू, गुर्जी? भोंगा झाला की मला गिरणीत जावं लागतंय. भाऊजय घरात घेत न्हाय. काल ह्यो सात रस्त्याच्या चौकात टांग्याखाली येत हुता.”

मला दया आली. त्या दिवशी आली होती, हे खरं आहे. त्यांना काही न बोलता मी रजिस्टरात लिहिलं, जन्मतारीख १ जून १९५३. म्हणजे पोराला जवळजवळ दीड वर्ष थोरलं केलं. म्हटलं, “बसवतो त्याला. लावा अंगठा.” बाईंनी शाईत अंगठा बुडवला आणि मी दाखवलं तिथे उमटवला. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही. एका विधवेचं काम केलं म्हणून संध्याकाळी हेमावतीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हा सगळा प्रकार कौतुकाने सांगितला.

बिरप्पा अभ्यासात बेताचाच निघाला. पण पळायला लागला की कुणाच्या बापाला सापडत नसे. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर बाहेर गेलेला फुटबॉल आणून देता देता तो कधी आत शिरून खेळायला लागला, ते तिथल्या लोकांनाही आठवत नाही. अठराव्या वर्षी गिरणीत बदली कामगार झाला आणि गिरणीच्या संघात लेफ्ट आउटला, म्हणजे डाव्या कडेला पुढे, खेळू लागला. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण कोल्हापूरला सामना खेळून आला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं म्हणे. फुटबॉलच्या बाबतीत कोल्हापूरकर दुसऱ्या गावाला हिंग लावून विचारत नाहीत, त्यामुळे आमच्या भागात त्याचा फारच बोलबाला झाला. तिथून राज्याच्या युवक संघात, आणि चौऱ्याहत्तर साल उजाडता उजाडता एकदम हिंदुस्थानच्या युवक संघाच्या सराव शिबिरात. एप्रिलमध्ये बँकॉकला आशियातल्या वीस वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती. सगळ्या देशांचे संघ यायचे होते. सोजरबाई चाळीत सांगत सुटल्या, “आमचा बिरप्पा इमानात बसणार हाय.” अर्थात त्या सांगत म्हणजे सात रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

शिबिरात वयाचा पुरावा मागितला. बिरप्पाने शाळेचा दाखला दिला. त्याच्यावर माझी तारीख. त्या हिशेबाने त्याला वीस उलटून दहा महिने होत होते, आणि खरं वय होतं साडेएकोणीस. शिबिरातले शिक्षक भले असावेत. त्यांनी त्याला चार दिवसांची सुटी दिली आणि सांगितलं, जन्माची नोंद असेल तर गावाहून आण. नसेल, तर दाखल्यावरची तारीख अंदाजाने घातली होती असं शाळेकडून लिहून आण आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोड. आपण खटपट करू. गावी नोंद सापडली नाही. राहिली शाळा.

ते दोघं आले तेव्हा आमचे हेडमास्तर आबासाहेब खुर्चीत होते, आणि त्यांना मे महिन्यात निवृत्त व्हायचं होतं. त्यांच्या जागेसाठी माझं एकट्याचं नाव वर गेलं होतं, आणि शिफारशीत काय लिहिलं होतं? ‘अभिलेख अत्यंत चोख.’ आबासाहेबांनी रजिस्टर काढून टेबलावर उघडलं. मला वर्गातून बोलावलं. बिरप्पाने माझ्या पायाला हात लावला. सोजरबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. कामाला आल्या नव्हत्या, समारंभाला आल्यासारख्या आल्या होत्या.

“विरुपाक्ष, नोंद तुमच्या हातची आहे,” आबासाहेब म्हणाले. “बाई म्हणतात, त्यांनी पाडवा सांगितला होता. तुम्ही अंदाजाने लिहिलं का? तसं असेल तर तसं लिहून द्या, मी सही करतो. पण मग बाकीच्या नोंदींचंही विचारतील, ते तुम्ही बघून घ्या.”

मी पानाकडे पाहिलं. एक जून, एक जून, एक जून. कसं सुबक अक्षर. वरून खालपर्यंत एकतीस खोट्या तारखा, आणि त्या खालोखाल आणखी चौदा वर्षांची पानं. मला आमच्या वर्गाची भिंत दिसली, तिच्यापलीकडची हेडमास्तरांची खोली दिसली, चौकशीचा कागद दिसला. बँकॉक मला दिसलं नाही. समोर उभा असलेला मुलगाही नीट दिसला नाही.

मी म्हणालो, “मी मनाने कसं लिहीन? बाईंनी सांगितलं तेच लिहिलं. हा काय, त्यांचा अंगठाच आहे समोर.”

सोजरबाई टेबलाजवळ आल्या. वाकून त्या अंगठ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा ओळखता येत होता.

“म्या तर पाडवा सांगितला हुता की, गुर्जी,” त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली आला होता की मला कान द्यावा लागला. बाईंना हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“पंधरा वर्षं झाली, बाई. तुमच्या लक्षात नसेल.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “तुमी कशाला खोटं लिवाल? माजंच कायतरी चुकलं असंल. घाबरले हुते मी तवा.”

आबासाहेबांनी रजिस्टर मिटलं. खरं बोलायला तेवढा अवधी पुरेसा होता. मी वर्गावर परत गेलो. ती दोघं पटांगणातून जाताना बिरप्पाचं बोलणं खिडकीतून माझ्या कानावर आलं. “आये, सगळ्या गावाच्या तिथी तुझ्या ध्यानात. माझीच तेवडी ऱ्हायली न्हाय व्हय गं?”

घरी आल्यावर हेमावतीला कुठूनतरी समजलंच होतं. जेवायला वाढताना ती म्हणाली, “त्या बाईने पाडवा सांगितला होता. तुम्हीच मला सांगितलं होतं त्या वेळी.” मी तिच्यावर ताट आपटून ओरडलो. त्यानंतर तिने हा विषय काढलेला नाही. पण माझ्या अक्षराचं कौतुकही पुन्हा कधी केलं नाही.

बिरप्पाला शिबिरातून परत पाठवलं. एप्रिलच्या शेवटी वाचनालयात मी पेपर उघडला तर त्यात बातमी होती, बँकॉकला आपल्या पोरांनी अंतिम सामन्यात इराणशी दोन-दोन अशी बरोबरी केली आणि अजिंक्यपद दोन्ही देशांना मिळून देण्यात आलं. मी ती बातमी दोनदा वाचली. लेफ्ट आउटला कोण खेळला ते काही त्यात दिलेलं नव्हतं. मला तेच शोधायचं होतं, आणि सापडलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. जूनमध्ये मी हेडमास्तर झालो.

बिरप्पाने बूट देऊन टाकले आणि गिरणी सोडली. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागला. सणाला घरी यायचा, आईने वाढलेलं जेवायचा, आणि जायचा. तो आईला वाईट बोलला असता तर बरं, पण तो बोलतच नव्हता. आणि सोजरबाईंनी तिथी सांगणं सोडलं. चाळीतलं कुणी विचारायला आलं तर म्हणायच्या, “माज्या ध्यानावर जाऊ नगा बाबा. मला आटवत न्हाय.” हे मला चाळीतल्याच एका पालकाने हसत हसत सांगितलं. मी रजिस्टर उघडून त्याला त्याच्या पोराची हजेरी सांगायला लागलो.

यंदाच्या, म्हणजे एकोणऐंशीच्या चैत्रात, सोजरबाई शाळेत माझ्या खोलीत आल्या. बसा म्हटलं तर खाली बसल्या. “बिरप्पाचं लगीन ठरलंय,” त्या म्हणाल्या. “पर पोरगं माज्याशी बोलत न्हाय, गुर्जी. पाच वरसं झाली. उद्या सून यील, तिला काय वाटंल? तुमचं ऐकतोय त्यो. तुमी त्याला सांगा, आय अडाणी हुती, चुकली. तिनं जाणून न्हाय केलं म्हणावं. माफ कर म्हणावं एक डाव.”

मी सांगतो म्हणालो. आणि त्या रविवारी खरंच कुर्डुवाडीची गाडी पकडली. या वेळी सगळं बोलायचं असं ठरवून निघालो होतो. ‘बिरप्पा, आईने पाडवा सांगितला होता. तारीख माझी, आणि खोटंही माझंच.’ एवढंच वाक्य होतं. गाडीत मी ते शंभर वेळा म्हटलं असेल.

बिरप्पाने मला स्टेशनबाहेरच्या हॉटेलात नेलं, फडक्याने बाक पुसून दिला. तिथल्या चार खलाशांना त्याने माझी ओळख करून दिली, “हे माजे गुर्जी. यांनी शाळेत घेतलं म्हणून माणसात आलो, न्हायतर मेंढरामागंच गेलो असतो.” ते चौघेही उठून उभे राहिले. चहा आला. मी कप हातात घेतला. मग मी ऐकलं तर मी म्हणत होतो, “आईला माफ कर, बिरप्पा. अडाणी बाई आहे. तिने जाणूनबुजून केलं नाही.”

त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, “तुमी एवडं चालून आला, गुर्जी. आता काय ऱ्हायलं? केलं माफ.” आणि त्याने माझ्या पायाला हात लावला.

वैशाखात लग्न झालं. मांडवात सोजरबाईंचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला होता, वाजंत्रीवाले त्यांच्याकडे बघून हसत होते. बिरप्पा आईला हाक मारून काय हवं नको विचारत होता. आहेराच्या वेळी बाईंनी मला हाताला धरून पुढे नेलं. नवरदेवाच्या बापाचा मानाचा फेटा असतो, तो त्यांनी माझ्यासाठी आणला होता. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, “ह्यांच्यामुळं माजं पोरगं मला परत मिळालं. माज्या चुकीवर ह्यांनी पांघरूण घातलं.” फेटा बांधणारा पुढे आला. मी मान खाली केली आणि फेटा बांधून घेतला.