डोळ्यांची आखणी आणि तिसरी ओळ

समूहगान बसवायचं म्हणजे गाणं शिकवायचं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं. गाणं शेवटी येतं हो! आधी माणसं जमवा, मग त्यांना गप्प करा, मग ज्या दोघींचं पटत नाही त्यांच्या मध्ये तिसरी आणून बसवा. शाळेत गायन शिकवून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची. कसली सुटते!

पेणला आमच्या आळीत गणपतीचा कारखाना आहे. तिथे रंगकामाला दहा-बारा बायका असतात आणि दिवसभर शेठचा रेडिओ चालू असतो. एकदा बाजारातून येताना त्यातल्या एकीने मला रस्त्यातच गाठलं. मूर्तीचे डोळे आखायचं काम तिचं, आणि गळा असा की भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकावा.

"बाई, रोह्याला बायकांच्या समूहगानाची स्पर्धा हाय. आमचं गाणं बसवून द्या ना."

"तालमीला वेळ कधी काढाल?"

"वेळ कुठला आलाय? कामावरच गाऊ."

खरंच होतं. एक जित्याहून यायची, एक कासूहून, आणि सुट्टी झाली की सगळ्या गाडीच्या नाहीतर नळाच्या मागे धावायच्या. मी शेठला विचारायला गेले. शेठ दाराशी खुर्ची टाकून बसलेले. रेडिओवर त्यांचा जीव.

"गाऊ देत," ते म्हणाले, "पण हात थांबता कामा नये. मी स्वतः येणार रोह्याला बघायला. तिथे आपलं हसं झालं तर गाणं बंद, परत माझा रेडिओ."

बायकांनी लगेच कबूल केलं. मला मात्र डोळेवाली हळूच म्हणाली, "आता शिकवाच बाई. रेडिओवर दिवस संपत नाय. गायलो की पाच कधी वाजतात कळत पण नाय." तेव्हापासून मलाही झोप लागेना.

पहिले चार दिवस नुसता गोंधळ. उशिरा येणारीसाठी थांबायचं नाही, आहेत त्यांना घेऊन सुरू करायचं, हा माझा शाळेपासूनचा नियम. येणारी आपोआप ओशाळते म्हणतात. इथे कोणी ओशाळेल तर शपथ! आत आल्या आल्या उशीर का झाला ते सासूपासून सुरू व्हायचं आणि गाणं तिथेच बसायचं. शेवटी मी गप्पांनाच वेळ दिला. चहा संपेपर्यंत काय बोलायचं ते बोला, कप खाली ठेवला की सूर. हे मात्र लागू पडलं. मोठ्या आवाजाच्या दोघींना मागे रंगफवारणीच्या घरघरत्या कॉम्प्रेसरशेजारी बसवलं. अवघड ओळ सकाळीच घ्यायची, डोकं ताजं असताना, आणि दिवस सोप्या ओळीवर संपवायचा, म्हणजे माणसं गुणगुणत घरी जातात. एका दिवसात एकच चूक दुरुस्त करायची. दहा सांगितल्या तर अकरावी होते, आणि ती आपली असते.

आवाज लागले, ताल लागला. अडलं ते तिसऱ्या ओळीपाशी. ती वरच्या पट्टीत जाते, म्हणून दुसरी संपली की डोळेवाली छाती भरून श्वास घ्यायची. आणि एवढा श्वास भरला की तिचा हात आपोआप मूर्तीच्या डोळ्याकडे जायचा, कारण डोळा आखायचा तो श्वास रोखूनच. त्या वेळी कारखान्यात कोणी हलतसुद्धा नाही. सगळ्या गप्प. मग दारातून शेठ ओरडायचे, "झाला का गो?" ती म्हणायची, "झाला!" आणि तिसरी ओळ सुरू.

"अगं, आधी कडवं पुरं कर, मग डोळा!" मी रोज डोकं फोडत होते.

"कडवं थांबतंय, बाई. हात मधीच थांबला तर देव तिरळा व्हईल."



रोह्याला निघालो. साड्यांचा रंग ठरला होता हिरवा. पोपटी, मेंदी, शेवाळी, जेवढे म्हणून हिरवे असतील तेवढे गाडीत हजर. सभागृहात शेठ तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. बायका स्टेजवर उभ्या राहिल्या आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते कोणाला कळेना. एक तर नखातला रंग काढत बसली.

पहिली ओळ सुरेख झाली. दुसरी तर अशी की मलाच भरून आलं. मग डोळेवालीने छाती भरून श्वास घेतला, आणि सगळ्या थांबल्या.

सगळ्या! तबलासुद्धा. मी हात हलवले, भुवया उडवल्या, दात खाल्ले. डोळेवाली समोर एका जागी नजर लावून श्वास रोखून उभी, आणि बाकीच्या इमानाने तिच्यासाठी थांबलेल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं. निवेदिका माइक घेऊन एक पाऊल पुढे आली. मेलो आपण, मी मनात म्हटलं. गेलं यांचं गाणं, आला रेडिओ.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "झाला का गो?"

"झाला!" स्टेजवरून खणखणीत उत्तर, आणि तिसरी ओळ अशी उसळली की छताचे पंखे हलले असतील. सभागृह आधी पोट धरून हसलं, मग शेवटपर्यंत टाळ्यांचा ठेका धरून बसलं. बक्षीस कोणाला मिळालं ते मी ऐकलंच नाही.

परतीच्या गाडीत सगळ्या खिडकीबाहेर बघत बसल्या. कासूवाली उतरली तीसुद्धा नुसती मान हलवून.

"लोक हसले ना, बाई," डोळेवाली म्हणाली.

"हसले," मी म्हटलं. खोटं तरी कसं बोलू?

दुसऱ्या दिवशी त्यांची समजूत काढावी म्हणून कारखान्यात गेले. आत चिडीचूप. बायका माना खाली घालून रंगवत होत्या. फळीवरचा रेडिओ बंद होता. मला बघून शेठ खुर्चीतून उठले आणि मला दाराबाहेर बाजूला घेऊन गेले. मी मनाची तयारी केली.

"बाई, खरं सांगा," ते हळू आवाजात म्हणाले, "काल माझी ओळ जरा लवकर आली का?"

"उशिरा आली," मी म्हटलं. "उद्यापासून चहाच्या आधी हजर राहा."