दादाच्या चिनी गोष्टी

पाचवीच्या मुलींना मी शुद्धलेखन घालत होते, तेवढ्यात मोठ्या बाई वर्गाच्या दाराशी आल्या आणि त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. त्यांच्या मागे डाकखान्यातले जोशीकाका उभे होते, टोपी हातात घेऊन. काकांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "पुन्हा नेलं का दादाला?" काका गोंधळले. मग हळूच म्हणाले, "नेलं नाही, कुसुम. गेला तो. टपाल लावता लावता, खुर्चीतच..." याला आता सहा आठवडे होतील. खरं सांगायचं तर ते ऐकून आधी मला दुःख झालंच नाही. पोलीस आलेले नाहीत, एवढंच मनात आलं. रडू आलं ते घरी पोचल्यावर. ही भीती माझ्यात किती खोल गेली होती ते त्या दिवशी मला कळलं, आणि ती कुठून आली ते सांगितल्याशिवाय दादाबद्दल मला काही लिहिता यायचं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नारायण. आईवडील आमच्या लहानपणीच गेले. लग्नानंतर वर्षभरात माझा नवरा वारला तेव्हा दादा मला घेऊन आला आणि सराफ्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहू लागलो. तो डाकखान्यात, मी शाळेत. त्याला कसलं व्यसन नव्हतं, फारसे मित्रही नव्हते. सदर बाजारात एक चिनी माणूस साहेबलोकांचे बूट शिवायचा. त्याला सगळं जबलपूर चीनीबाबू म्हणे. एकदा कितीतरी महिन्यांनी त्याचं पत्र आलं, ते त्यानं दादाच्या खिडकीपाशीच फोडलं आणि वाचता वाचता पायरीवर बसून रडायला लागला. दादा घरी आला तो तेच डोक्यात घेऊन. "चार उभ्या ओळी होत्या गं फक्त. काहून रडला असेल तो?" पुढच्या रविवारी विचारायला म्हणून गेला. चीनीबाबूची आई गेली होती. त्यानं ते पत्र दादाला वाचून दाखवलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि तेव्हापासून दादाचे रविवार सदरला जाऊ लागले.

आधी तो एकेक अक्षर तीस-तीस वेळा गिरवायचा आणि बुधवारपर्यंत विसरायचा. मग चीनीबाबूनं त्याला सांगितलं, "बाबू, नकल से हाथ सीखता है, आदमी नहीं सीखता. जितने अच्छर आते हैं उतने में कहानी बनाओ." पन्नास-साठ अक्षरं येत असतील तेव्हा. त्यांत गोष्ट बसवायची म्हणजे घरात आहे तेवढ्या शिध्यात पाहुणा जेवू घालण्यासारखं होतं. दादा वहीवर वाकून बसायचा आणि मधेच मला हाक मारायचा. "कुसुम, नदी आहे माझ्याजवळ, पूल आहे, शिपाई आहे. पण भूक नाही. शिपायाला भूक लागली, अन् मला ते सांगताच येऊन नाही राहिलं." मग रविवारी तो 'भूक' घेऊन यायचा, आणि असं अडून मिळवलेलं अक्षर पुन्हा कधी विसरायचा नाही. तीन वर्षांत सात वह्या भरल्या. इतक्या आनंदात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी मला त्या वह्यांची धास्ती वाटे. दिवस जपानशी चाललेल्या लढाईचे होते. खिडक्यांना काळे कागद लावलेले, आमच्याच गल्लीतली दोन पोरं पोलिसांनी उचललेली. मी म्हणायची, "दादा, कोणी पाहिलं तर?" तो म्हणायचा, "पाहिलं तर पाहिलं. गोष्टी तर आहेत."

एके दिवशी त्याच्या कोटाच्या खिशातून एक पान डाकखान्यात गळून पडलं. त्यावर चिनी गोष्ट होती आणि समासात, चीनीबाबूला विचारायचे म्हणून, तीन शब्द मराठीत लिहिले होते : पूल ओलांडणे, पहारा, निरोप. ते पान कोणी उचललं, कोणी पोचवलं, आम्हाला कधी कळलं नाही. दुपारी पोलीस त्याला घेऊन गेले. जोशीकाका शाळेत येऊन सांगून गेले आणि मी धावतच घर गाठलं, आतून कडी लावली, ट्रंकेतून सातही वह्या काढल्या. अंगणात पाण्याचा बंब होता, तो पेटवला. बंद वही आतून जळत नाही, म्हणून पानं फाडून फाडून टाकत गेले. घाईत अर्धी पानं बाहेर पडत होती, ती वेचून पुन्हा आत टाकत होते. एका पानावर त्यानं छोटासा बूट काढला होता... तेही टाकलं.

तासाभरात एक अंमलदार दोन शिपायांना घेऊन आला. वागायला सभ्य होता. म्हणाला, "बहनजी, नारायणजी ने बताया है कि सात कॉपियाँ हैं. कहते हैं, बहन दे देगी, उन्हें पढ़वा लो तो सब समझ जाओगे." मी अंगणाकडे बोट केलं. दादानं सगळा भरवसा त्या वह्यांवर टाकला होता. अंमलदार अंगणात गेला, बंबाशी बसला आणि त्यानं राखेत बोट घातलं. मग बोट पुसत विचारलं, "जलाईं क्यों?" मला एवढंच सांगता आलं, "डर गई थी." त्यानं ते लिहून घेतलं. तो गेल्यावर मी तिथंच अंगणात बसले. माझ्या भावाला मीच बुडवलं, याबद्दल मला शंका राहिली नव्हती.

नऊ दिवस दादाची भेट नाही. दुसऱ्या दिवशी मी सदरला गेले. चीनीबाबूनं सगळं ऐकलं. हातातली आरी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैं परदेसी हूँ, बहनजी. मुझे एक दिन में निकाल देंगे." मला रागही आला नाही. त्याची भीती मला माझ्यासारखीच दिसली. पण नवव्या दिवशी मला कचेरीत बोलावलं तेव्हा तो तिथं बाकावर बसला होता, धुतलेला कोट घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आपणहून आला होता.

अंमलदारानं ते एकच पान त्याच्यापुढे ठेवलं. दादा पलीकडच्या खोलीत होता. त्याच्याकडून गोष्ट आधीच तोंडी लिहून घेतली होती, आता दोन्ही ताडून बघायच्या होत्या. चीनीबाबू वाचू लागला. शिपाई पूल ओलांडतो. पहारेकरी अडवतात. तो म्हणतो, घरी निरोप द्यायचा आहे. अंमलदार हातातल्या कागदावर बोट फिरवत होता, सगळं जुळत होतं. शेवटी चीनीबाबूनं वाचलं, "दरवाज़े पर उसकी घोड़ी खड़ी रो रही है." अंमलदाराचं बोट थांबलं. "यहाँ तो माँ लिखा है," तो म्हणाला. चीनीबाबूनं पुन्हा पान पाहिलं आणि घाईघाईनं पेन्सिल मागून घेऊन दोन अक्षरं काढून दाखवली. चिनी लिपीत 'आई' लिहायचं तर डावीकडे बाई काढायची आणि उजवीकडे घोडा. उच्चार घोड्याचा, अर्थ बाईचा. दादा डावी बाजू विसरला होता आणि आईची घोडी झाली होती. "साहब," तो म्हणाला, "जासूस ऐसी गलती नहीं करता. ये बच्चे की गलती है." अंमलदार कितीतरी वेळ ती दोन अक्षरं शेजारी शेजारी बघत राहिला, आणि मग हसला.

संध्याकाळी दादा घरी आला. नऊ दिवसांत गालफडं बसली होती. पाणी प्यायला आणि त्यानं विचारलं, "वह्या?" मी म्हटलं, "जाळल्या." "काहून?" "भ्याले." त्यानं रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "मी पण भ्यालो होतो." त्यानंतर तो या गोष्टीवरून मला एका शब्दानं टाकून बोलला नाही. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

चीनीबाबू पुढल्या वर्षी दुकान आवरून कलकत्त्याला आपल्या माणसांकडे गेला. दादानं कागदावर लिहिणं सोडलंच होतं. सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर तांब्या घेऊन बसायचा आणि ओल्या बोटानं फरशीवर अक्षरं काढायचा. ऊन असलं की खालची ओळ लिहीपर्यंत वरची वाळून गेलेली असायची. गल्लीत कोणाची पावलं वाजली की तो तळहातानं सगळं पुसून टाकी, कोणी विचारणार नव्हतं तरीही.

तेराव्यानंतर त्याची खोली आवरताना उशीखाली एक जवळजवळ कोरी वही सापडली. नवी, यंदाच घेतलेली असावी. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेली एक उभी ओळ आहे, बाकी काही नाही. ती मला वाचता येत नाही आणि वाचू शकेल असं या गावात आता कोणी उरलेलं नाही. वही हातात घेऊन मी अंगणातल्या बंबापर्यंत गेले होते, हे लपवत नाही. मग परत आले. खिडकीशी त्याचं टेबल आहे, त्यावर ती उघडून ठेवली आणि पान उडू नये म्हणून वर त्याचा चष्मा ठेवला. खिडकी गल्लीवर उघडते. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही ती दिसते. दारावर थाप पडली की अजूनही माझी नजर आधी टेबलाकडे जाते. पण वही मी अजून मिटलेली नाही.