कॅलेंडरवर माझ्या नावापुढची ओळ

मंडळी, आत्ताच घरी आलेय. आल्या आल्या लिहायला बसलेय.

इथे अमेरिकेत, नोव्हाय शहरात, आमचा हौशी चित्रकारांचा क्लब दरवर्षी 'अमेरिकन वारसा' म्हणून वॉल कॅलेंडर काढतो. यंदा जानेवारीसाठी माझं चित्र निवडलं, बर्फातलं जुनं लाल बार्न, म्हणजे शेतावरचं लाकडी कोठार. आज प्रूफ बघायला गेले, तर माझ्या नावापुढे छापलं होतं, 'मूळच्या भारतातल्या'. बाकी कुणाच्याच नावापुढे असं काही नव्हतं.

सेक्रेटरीबाईंना विचारलं, "ही ओळ कशाला?"

"लोकांना इंटरेस्टिंग वाटेल," त्या हसून म्हणाल्या.

"मग सगळ्यांचे पणजोबा कुठून आले तेही छापा. नाहीतर माझी ओळ काढा. तेही जमत नसेल तर चित्र परत द्या."

त्यांनी पेन घेऊन ओळ खोडली. "सॉरी, माझ्या लक्षातच आलं नाही."

मला भारताची लाज वाटत नाही, घरी आम्ही मराठीच बोलतो. पण माझी मुलं इथे वाढली, आणि त्या बार्नसमोर गारठलेल्या बोटांनी स्केच करत मीच उभी होते. इथला वारसा मी पाहुणी म्हणून रंगवणार नाही.

तुमच्या नावापुढे कुणी अशी ओळ लावली, तर तुम्ही हसून सोडून देता की खोडायला लावता?